गावच्या ओढ्याचे पाणी आणि त्यातील जीवसृष्टी कशी तपासावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भोर आणि वेल्हे भागात, गुंजवणी व नीरा या नद्यांना मिळणाऱ्या लहान ओढ्यांची नोंद ठेवताना गावकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा, काळ्या पाषाणातून वाहणारा, पावसाळ्यात दुथडी भरणारा आणि चैत्रात डोहांपुरता उरणारा ओढा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. कोकणातल्या वहाळाला यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. मराठवाड्यातील नाल्याला काही लागू पडतील, काही नाही.

पिण्याचे पाणी आता नळाने येते. मग ओढा तपासायचा कशासाठी?

नळाचे पाणी बहुतेक गावांत ज्या विहिरीतून उचलले जाते, ती विहीर ओढ्याच्या काठावरच असते. ओढ्यात जे मुरते ते काही दिवसांनी विहिरीत उतरते. शिवाय जनावरे ओढ्यावर पाणी पितात, धुणे तेथे होते, मुले तेथे डुंबतात, भाजीच्या वाफ्यांना पाणी तेथूनच जाते. आणि माणसाचा उपयोग बाजूला ठेवला तरी ओढा हे मळ्या माशाचे, खेकड्यांचे आणि दगडाखालच्या शेकडो किड्यांचे घर आहे, हे कारण आमच्या मते तितकेच भारी आहे.

बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली तर पुरेसे होत नाही का?

बाटलीतील पाणी त्या क्षणाचे असते. सकाळी दहाला आपण नमुना घेतला आणि वरच्या अंगाला कोणी फवारणीचा पंप रात्री आठला धुतला, तर ते विष आपल्या बाटलीत कधीच येणार नाही. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ दिसेल आणि अहवालही स्वच्छ येईल. दगडाखाली राहणारी अळी मात्र तेथून उठून कोठे जाऊ शकत नाही. ती अनेक आठवडे, काही जातींत वर्षभर, त्याच पाण्यात श्वास घेते. मधल्या काळात काही वाईट घडून गेले असेल तर नाजूक जाती नाहीशा होतात आणि चिवट जाती उरतात. म्हणून कोणते जीव सापडले आणि कोणते सापडायला हवे असताना सापडले नाहीत, यावरून गेल्या काही आठवड्यांचा हिशेब कळतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. किड्यांवरून पाण्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, कॉलऱ्याचे जंतू आहेत की नाहीत, हे सांगता येत नाही. त्यासाठी बाटलीच हवी. एकाच दिवशी, एकाच जागी पाण्याची रासायनिक तपासणी, जंतूंची तपासणी आणि जीवांची मोजणी अशा तिन्ही गोष्टी केल्या, तर एकीने दुसरीचा अर्थ लागतो.

तपासणीची ठिकाणे कशी निवडावीत?

पहिले ठिकाण गावाच्या आणि शेतांच्या वर, शक्यतो जंगलातून ओढा बाहेर पडतो तेथे घ्यावे. ही आपली तुलनेची जागा. तिच्यावाचून खालच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही, कारण आपला ओढा मुळात कसा असतो हे आपल्याला ठाऊकच नसते. त्यानंतर धुण्याच्या घाटाच्या खाली, गावचे सांडपाणी जेथे मिळते त्याच्या खाली, भातखाचरांचे पाणी उतरते त्याच्या खाली आणि बंधारा असल्यास त्याच्या खाली एकेक ठिकाण ठरवावे. सांडपाणी मिळते त्या तोंडाशीच नमुना घेऊ नये; दोन्ही पाणी नीट मिसळेपर्यंत थोडे अंतर खाली जावे.

सर्व ठिकाणांचा स्वभाव सारखा असावा, ही अट अनेक जण विसरतात. वर खळाळते पाणी आणि खाली संथ डोह अशी तुलना केली, तर दिसणारा फरक प्रदूषणाचा नसून जागेचा असू शकतो. सगळीकडे गोट्यांवरून खळखळणारा, गुडघ्याखालचा पट्टा निवडावा. काठावरच्या उंबराला किंवा करंजाला खूण करून ठेवावी आणि पुढची पाच वर्षे जागा बदलू नये.

वर्षातून किती वेळा आणि केव्हा तपासावे?

किमान तीन वेळा. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास, थंडीत जानेवारीत आणि पाणी तुटण्याच्या आधी मार्च किंवा एप्रिलमध्ये. किड्यांची मोजणी करण्यासाठी थंडीचे दिवस उत्तम, कारण तोपर्यंत पुराने वाहून गेलेली जीवसृष्टी पुन्हा स्थिरावलेली असते. जंतूंची एक तपासणी मात्र मृगाच्या पहिल्या सरींनंतर अवश्य करावी. चार महिने उघड्यावर साठलेली सगळी घाण पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यात येते आणि गावात जुलाब-उलट्यांची साथ बहुधा त्याच सुमारास सुरू होते.

साहित्य काय लागते?

फार नाही. साधा थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, विद्युतवाहकता किंवा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा खिशातला मीटर, विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचा संच, मोजपट्टी, घड्याळ, पांढरा पसरट ट्रे, चहाची गाळणी, मऊ ब्रश, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बारीक जाळीचे एक हातजाळे. पांढऱ्या ट्रेऐवजी आइस्क्रीमच्या मोठ्या डब्याचे झाकणही चालते. वही मात्र कागदाची आणि लेखणी शिसपेन्सिलीची असावी; बॉलपेनची शाई पाण्यात फुटते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात तो संच कोणाकडे आहे ते आधी विचारावे, आणि त्या ताईंनाच तपासणीत सोबत घ्यावे.

आमच्या ओढ्याचा टीडीएस अवघा ८० आला. म्हणजे पाणी पिण्यायोग्य आहे ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण. खिशातला मीटर क्षार थेट मोजतही नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. जंतू, कीटकनाशकांचे अंश आणि गढूळपणा यांतले काहीही त्याला दिसत नाही.

पावसाचे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. त्यामुळे जुलै महिन्यात, ओढा मातकट होऊन वाहत असताना आणि त्यात शेण व मानवी विष्ठा मिसळलेली असताना, टीडीएस वर्षभरातला सर्वांत कमी येतो. म्हणजे ज्या दिवसांत पाणी सर्वाधिक धोकादायक, त्याच दिवसांत मीटर सर्वांत गोड आकडा दाखवतो. भारतीय मानक १०५०० मध्ये टीडीएससाठी ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे; पण त्याच मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये, असेही म्हटले आहे. पहिली अट पाळली म्हणून दुसरी पाळली जात नाही.

मीटर निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. वरच्या ठिकाणी ८०, गावाखाली ९० आणि त्याच्याही खाली अचानक २६० आला, तर मधल्या पट्ट्यात काहीतरी मिसळते आहे हे नक्की. तेव्हा काठाने चालत, दर पन्नास पावलांवर मीटर बुडवत, आकडा जेथे उडी घेतो ती जागा शोधावी. या कामासाठी या उपकरणाला तोड नाही.

विरघळलेला ऑक्सिजन किती असावा आणि तो कधी मोजावा?

पाणी जितके गार, तितका त्यात ऑक्सिजन अधिक मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियसला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर, २५ अंशांना ८.३ आणि ३० अंशांना ७.६ इतका. उंचीवर तो थोडा कमी होतो. म्हणून तापमान लिहिल्याशिवाय ऑक्सिजनचा आकडा लिहू नये. खळाळत्या ओढ्यात तो या कमाल मर्यादेच्या जवळ असायला हवा. ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर बहुतेक माशांना त्रास होतो.

वेळ फार महत्त्वाची आहे. शेवाळ खूप माजले असेल तर ते दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडते आणि रात्री तोच वापरून टाकते. अशा डोहात दुपारी तीनला १० आणि पहाटे पाचला ३ असाही आकडा मिळू शकतो. दुपारी तपासणी करणाऱ्याला पाणी उत्तम वाटते, आणि मासे पहाटे पृष्ठभागावर तोंडे उघडून तडफडतात. संशय असेल तेथे उजाडण्यापूर्वी जाऊन मोजावे.

संचात विंकलर यांची पद्धत असते. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे, दोन रसायने घालायची आणि साका कोणत्या रंगाचा बसतो ते पाहायचे. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पुढचे मोजमाप नंतर सावलीत बसून करता येते, पण ही पहिली दोन रसायने ओढ्यावरच, नमुना घेताक्षणी घालावी लागतात.

आलेले आकडे कोणत्या मापाला लावून पाहावेत?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार अ ते इ असे पाच वर्ग केले आहेत. फक्त निर्जंतुक करून पिण्यासाठीच्या पहिल्या वर्गात ऑक्सिजन किमान ६, बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) कमाल २ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि एकूण कोलिफॉर्म, म्हणजे घाणीची खूण मानले जाणारे जंतू, १०० मिलिलिटरमागे ५० पर्यंत चालतात. उघड्यावर आंघोळीसाठीच्या दुसऱ्या वर्गात ऑक्सिजन किमान ५, बीओडी कमाल ३ आणि कोलिफॉर्म ५०० पर्यंत. तिसऱ्या वर्गाचे पाणी रीतसर शुद्धीकरण करूनच प्यायचे. त्यात कोलिफॉर्म ५००० पर्यंत आणि ऑक्सिजन किमान ४. वन्यजीव व मासे यांच्यासाठीच्या चौथ्या वर्गात पीएच ६.५ ते ८.५, ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया कमाल १.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. पाचवा वर्ग सिंचनाचा.

हे आकडे देशभरातील सर्व नद्यांसाठी आहेत, हे ध्यानात ठेवावे. सह्याद्रीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ओढ्यात ऑक्सिजन ५ आला, तर कागदावर तो दुसऱ्या वर्गात बसतो. पण वरच्या ठिकाणी तो ८ असेल, तर मधे काहीतरी बिघडले आहे. आमच्या दृष्टीने मानकापेक्षा ही तुलना अधिक बोलकी आहे.

दगडाखालचे किडे कसे गोळा करावेत आणि ओळखावेत?

प्रवाहाकडे तोंड न करता, पाठ करून उभे राहावे. जाळे आपल्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाशी टेकवावे आणि जाळ्याच्या वरच्या अंगाचा तळ पायाने तीन मिनिटे ढवळावा. सुटलेले जीव पाण्याबरोबर जाळ्यात येतात. त्यानंतर मुठीएवढे पाच-सहा गोटे अलगद उचलून, ट्रेमध्ये धरून, मऊ ब्रशने धुवावेत. ट्रेमध्ये बोटभर पाणी ठेवून दोन मिनिटे अजिबात हलू नये. सुरुवातीला ट्रेमध्ये पाला आणि रेतीच दिसते. मग एक काडी चालू लागते, एक खडा सरकतो, आणि बघता बघता सगळा ट्रे जिवंत होतो. मुलांना हा क्षण दाखवावा. त्यानंतर ओढ्यात कचरा का टाकू नये हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

ओळख जातीपर्यंत नेण्याची गरज नाही, कुळापर्यंत पुरते. स्टोनफ्लाय, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय हे उडणारे कीटक; त्यांची पिल्ले पाण्यात वाढतात. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन लांब शेपट्या असतात, पायांच्या बगलांशी कल्ल्यांचे झुबके असतात आणि ते पाण्याबाहेर काढले की अस्वस्थपणे वळवळते. हे सापडले तर पाणी उत्तम आहे असे समजण्यास हरकत नाही. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले फडफडत असतात. त्यातले चपटे, दगडाला चिकटून चालणारे पिल्लू नाजूक. लहान माशासारखे पोहणारे बरेच चिवट. कॅडिसफ्लायची अळी रेतीचे कण किंवा पानांचे तुकडे रेशमाने जोडून नळीसारखे घर बांधते. काही अळ्या घर न बांधता दगडांच्या फटीत जाळे विणतात. नाण्यासारखी वाटोळी, चपटी, तपकिरी अळी दगडाच्या पोटाला चिकटलेली दिसते, ती एका भुंगेऱ्याची. चतुर आणि टाचणी यांची पिल्ले दणकट, शिकारी असतात. पृष्ठभागावर घसरत चालणारी पाणनिवळी सर्वांच्या ओळखीची आहे.

घाण पाण्याची मंडळी वेगळी. चिखलातली गडद लाल, दोऱ्यासारखी अळी ही चावा न घेणाऱ्या एका चिलटाची असते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने अत्यल्प ऑक्सिजनमध्येही ती तगते. गाळात डोके खुपसून शेपूट हलवणारे बारीक लाल गांडूळवर्गीय किडे, जळवा, आणि उंदराच्या शेपटीसारखी नळी पाण्याबाहेर काढून थेट हवा घेणारी अळी, हे तेथेच माजतात. जागेवर मोजून, फोटो काढून, सर्व जीव त्याच ठिकाणी परत सोडावेत.

या नोंदीचे गुण कसे काढतात?

ब्रिटनमध्ये नदीतील किड्यांच्या कुळांना त्यांच्या नाजूकपणाप्रमाणे १ ते १० गुण देण्याची पद्धत रूढ झाली, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिच्या आधारे आपल्याकडील नद्यांसाठी जैविक निकष तयार केले. समजा, वरच्या ठिकाणी चपटी मेफ्लाय (१०), स्टोनफ्लाय (१०), तळाशी राहणाऱ्या चतुराचे पिल्लू (८), जाळे विणणारी कॅडिस (५), पाणनिवळी (५), पोहणारी मेफ्लाय (४) आणि चिलटाची अळी (२) सापडली. बेरीज ४४, कुळे ७, सरासरी ६.३. गावाखाली पोहणारी मेफ्लाय (४), जळू (३), गोगलगाय (३), चिलटाची अळी (२) आणि गांडूळवर्गीय किडे (१) एवढेच मिळाले, तर बेरीज १३, कुळे ५, सरासरी २.६. मंडळाच्या निकषांत ७ च्या वर स्वच्छ, ६ ते ७ किंचित प्रदूषित, ३ ते ६ मध्यम आणि त्याखाली तीव्र प्रदूषण अशी साधारण उतरंड आहे.

सोबत विविधतेचा गुण काढतात, आणि त्यासाठी किड्यांची नावेही माहीत असावी लागत नाहीत. ट्रेमधील जीव जसे हाती येतील तसे एकामागून एक पाहायचे. आधीच्यापेक्षा वेगळा आला की नवी फेरी धरायची. ४० जीवांत २२ फेऱ्या झाल्या तर गुण २२ भागिले ४०, म्हणजे ०.५५. सगळेच सारखे असतील तर तो शून्याकडे झुकतो.

ब्रिटिश तक्ता आपल्या जीवांवर सरसकट बसत नाही, हे खरे आहे. म्हणून दोन वेगवेगळ्या खोऱ्यांची सरासरी एकमेकांशी ताडून पाहू नये. आपल्याच ओढ्याची वर-खाली आणि यंदा-गेल्या वर्षी अशी तुलना करावी.

किडे फारच कमी मिळाले. म्हणजे ओढा प्रदूषित आहे का?

लगेच तसे म्हणू नये. दोन आठवड्यांपूर्वी मोठा पूर आला असेल, ओढा नुकताच आटून पुन्हा वाहू लागला असेल, वाळू उपसली असेल किंवा जेसीबी लावून पात्र सपाट केले असेल, तरीही असेच दिसते. खोलीकरणाच्या नावाखाली गोटे काढून तळ उघडा केलेल्या ओढ्याचे पाणी रासायनिक तपासणीत निर्दोष येते आणि त्यात जीव मात्र नसतो, कारण राहायला घरच उरलेले नसते. हे नुकसान कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात उतरत नाही, याचे आम्हाला फार वाईट वाटते. म्हणून दर वेळी तळात गोटे, रेती आणि गाळ अंदाजे किती, काठावर झाडे किती, पात्रावर सावली किती, हे लिहावे. वाळुंज, जांभूळ, उंबर, करंज यांची सावली पाणी गार ठेवते आणि त्यांचा पाला किड्यांचे अन्न होतो.

माशांची नोंद कशी ठेवावी?

त्यासाठी जाळे टाकण्याआधी गावातील जुन्या माणसांशी बोलावे. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी अनेक माशांना येथल्या लोकांच्या तोंडची नावेच दिली; दगडाला चिकटून राहणारा मळ्या आजही शास्त्रात गारा मुल्या आहे, आणि शिंगटी मिस्टस सींगटी आहे. स्थानिक नावे म्हणजेच पहिली यादी. कोणता मासा पूर्वी मिळत असे, कोणत्या डोहात, आणि कधीपासून दिसेनासा झाला, हे साल-वारी लिहून घ्यावे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे हा ओढ्याच्या तब्येतीचा मोठा पुरावा आहे. वळगणीच्या, म्हणजे मासे वर चढण्याच्या, दिवसांत बंधाऱ्याच्या खाली मासे उड्या मारून थकत असतील आणि वर एकही पोहोचत नसेल, तर तो बंधारा त्यांच्यासाठी भिंत झाला आहे, असे नोंदवावे. त्याच दिवसांत पोटात गाभोळी असलेले मासे मोठ्या प्रमाणावर मारले जातात, याकडेही ग्रामसभेचे लक्ष वेधावे.

तिलापिया किंवा गप्पी सापडल्यास त्यांची वेगळी नोंद करावी. गप्पी डासांच्या अळ्या खातात म्हणून ते टाक्यांत सोडले जातात. तेथे ते ठीक, पण वाहत्या ओढ्यात गेले की देशी माशांच्या पिल्लांशी अन्नासाठी झगडतात. ते ओढ्यात मुद्दाम कधीही सोडू नयेत.

पाण्यावर तेलकट तवंग किंवा फेस दिसला तर?

काडीने तवंगाला टोचून पाहावे. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळे राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा आहे. तो नैसर्गिक असतो आणि जवळ नारिंगी गाळही दिसतो. तवंग फाटून लगेच पुन्हा एक झाला, तर डिझेल किंवा इंजिन ऑइल. फेसाचेही तसेच: पावसाळ्यात पालापाचोळा कुजून धबधब्याखाली तपकिरी, मातकट वासाचा फेस येतो, त्यात चिंतेचे कारण नाही. पांढराशुभ्र, सुगंधी फेस धुण्याच्या पावडरचा.

जंतूंच्या तपासणीचा नमुना घेताना कोणती काळजी घ्यावी?

प्रयोगशाळेने दिलेलीच निर्जंतुक बाटली वापरावी. हात आणि शरीर प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवून, बाटली पृष्ठभागाखाली वीतभर बुडवून भरावी, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये, आणि वर थोडी हवा राहू द्यावी. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, प्रयोगशाळेत पोहोचवावी.

हे आम्ही चुकीची किंमत मोजून शिकलो. एका एप्रिलमध्ये नमुन्याच्या बाटल्या मोटारसायकलच्या पिशवीत तीन-चार तास उन्हात राहिल्या. अहवालात जंतूंची संख्या भयंकर आली, आणि आम्ही तो अहवाल तसाच ग्रामसभेत वाचून दाखवला. लोक घाबरले, दोन कुटुंबांवर बोटे रोखली गेली. महिन्याभराने बर्फात नेलेल्या नमुन्यांचे आकडे पुष्कळ कमी आले. तोपर्यंत मने दुखावली होती, आणि पुढे वर्षभर आमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवेना. तेव्हापासून नमुना घेतल्याची वेळ, बर्फ होता की नाही आणि पोहोचल्याची वेळ लिहिल्याशिवाय आम्ही एकही आकडा सांगत नाही.

एच टू एस बाटलीवर किती विसंबावे?

जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड (एच टू एस) वायूमुळे पाणी काळे पडते, यावर आधारलेली ही चाचणी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी मांडली. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत ते काळे पडले, तर विष्ठेतून आलेले जंतू असण्याचा दाट संभव असतो. विहीर आणि नळ यांच्यासाठी ती उपयोगी आहे. उघड्या ओढ्याचे पाणी मात्र जवळजवळ नेहमीच काळे पडते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या ठिकाणांतील फरक तिच्यातून कळत नाही. तेथे प्रयोगशाळेतील मोजणीच हवी.

प्रवाह मोजणे आवश्यक आहे का?

होय, कारण तेवढीच घाण भरपूर पाण्यात विरून जाते आणि बारीक धारेत जीवघेणी ठरते. दहा मीटरचा सरळ पट्टा आखावा, लिंबू किंवा संत्रे सोडून त्याला लागणारे सेकंद तीनदा मोजावेत. रुंदी २ मीटर, सरासरी खोली ०.२ मीटर आणि वेळ २५ सेकंद असेल, तर पृष्ठभागाचा वेग ०.४ मीटर प्रति सेकंद. तळाशी पाणी संथ असते म्हणून त्याला ०.८ ने गुणावे, आणि मग रुंदी व खोलीने गुणावे. उत्तर ०.१२८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १२८ लिटर.

सुरक्षिततेचे काय?

एकट्याने उतरू नये, पायात बूट असावेत, आणि डोंगरावर ढग दाटले असतील तर ओढा कोरडा दिसला तरी पात्रात थांबू नये. हातापायाला जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिस या उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या रोगाच्या भीतीने पावसाळ्यात पाण्यात जाऊ नये.

निकाल कोणाला द्यावेत?

ग्रामपंचायतीला, गावच्या पाण्याचे नमुने घेणाऱ्या जलसुरक्षकाला आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला. मासे, खेकडे, किडे यांच्या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत घालण्याचा आग्रह धरावा. बहुतेक नोंदवह्यांत झाडे भरपूर आणि ओढ्याचे पान मात्र रिकामे असते. आकडे सांगताना घरांची नावे घेऊ नयेत. धुण्यासाठी काठापासून दूर ओटा आणि शोषखड्डा, गोठ्याच्या पाण्याला वेगळी वाट, फवारणीचा पंप ओढ्यात न धुणे, अशी करता येण्याजोगी कामे मांडावीत.

सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले तर पहिल्यांदा काय करावे?

वेळ दवडू नये, कारण काही तासांत पुरावा वाहून जातो. प्रथम जनावरे आणि मुले पाण्यापासून दूर ठेवावीत आणि खालच्या वस्त्यांना फोन करून कळवावे. ते मासे कोणीही खाऊ नयेत. मग लगेच दोन स्वच्छ बाटल्या पाणी भरून बर्फात ठेवावे, तापमान, पीएच आणि ऑक्सिजन मोजावा, वेळ दिसेल असे फोटो काढावेत. नुकतेच मेलेले चार-पाच मासे हातमोजे घालून वेगळ्या पिशवीत, बर्फात ठेवावेत. त्यानंतर काठाने वर चालत जावे. मासे मेलेले दिसण्याचे जेथे थांबते, त्याच्या आसपास कारण असते.

मरणाची तऱ्हाही काही सांगते. मोठे मासे आधी मेले आणि पहाटे मेले, तर ऑक्सिजन संपला असण्याची शक्यता अधिक. लहानमोठे सगळे, खेकडे आणि झिंग्यांसकट एकदम मेले, तर कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर यांचा संशय घ्यावा; मासे धरण्यासाठी ती पाण्यात मिसळण्याचा घातक प्रकार काही ठिकाणी चालतो. खबर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला, तहसीलदारांना आणि पोलिसांना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. त्यामुळे आपल्या बाटल्या त्यांना दाखवाव्यात, पण त्यांनी स्वतः नमुना घेईपर्यंत काठ सोडू नये.